त्रिरश्मीच्या पायथ्याची जमीन : शेत कीं कुरण ?

नाशिकच्या इंदिरानगराकडून मुंबई-आग्रा मार्गानें पुढें गेलें असतां पांडवलेण्यांची टेंकडी लागते. लेखांतील त्रिरश्मि तो हाच. ही टेंकडी व नासर्डी नदी यांमधील पट्टा प्राचीन काळीं राजकीय गोधनाचें कुरण असावा, असें अनुमान करण्याचा मोह होतो. ‘गोवर्धन’ हें स्थलनाम व उषवदाताचें तीन लक्ष गाईंचें दान हे त्याचे दोन आधार. परंतु लेखांचे शब्द पाहतां हें अनुमान टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

लेणें क्र. १० मधील लेखांत गोदान हें उषवदाताच्या विशेषणांत येतें. स्थळ दिलेलें नाहीं. गोवर्धनाच्या संबंधांत तेथें उल्लेख आहे तो चौसोपी निवासस्थानांचा. उलट भिक्षूंच्या अन्नासाठीं त्यानें नगरसीमेच्या वायव्येस ४००० कार्षापणांस विकत घेतलें तें शेतच होय. नुसत्या नांवावरून कुरण सिद्ध होत नाहीं.

लेणें क्र. ३ मधील गौतमीपुत्राचीं दोन आज्ञापत्रें अधिक बोलकीं आहेत. १८ व्या वर्षीं त्यानें पूर्वी उषवदाताकडे असलेलें पश्चिम कखडी येथील २०० निवर्तनांचें शेत भिक्षूंस दिलें. २४ व्या वर्षींचा लेख सांगतो कीं, तें शेत कसलें जात नाहीं व गांवहि वसत नाहीं. सबब नगरसीमेवरील राजकीय शेतापैकीं १०० निवर्तनें द्यावीं. पडीत जमीन म्हणजे राखीव कुरण नव्हे. तिचा उपयोग होईना म्हणूनच बदल करावा लागला. गांव कां ओसाडलें हें लेख सांगत नाहीं. क्षहरातांशीं झालेल्या युद्धाचा तो परिणाम असणें संभवतें, इतकेंच म्हणतां येईल.

सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या ८ व्या खंडांत हे लेख संपादिले आहेत. वाचकांनीं मूळ शब्द तेथें ताडून पाहावे. निवर्तनाचें मान सर्वत्र एक नव्हतें. म्हणून त्याचे एकर करून आजच्या नकाशावर सीमा आंखणें धाडसाचें होय. ‘नगर’ म्हणजे गोवर्धन कीं नाशिक, हाहि प्रश्न आधीं सोडविला पाहिजे.

नासर्डीकांठच्या चराऊ जमिनींचा इतिहास लिहावयाचा तर पेशवाई व इंग्रजी अमदानींतील गायरानाचे, कुरणाचे व इनामाचे कागद शोधिले पाहिजेत. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या. वस्ती वाढून जुन्या शिवाच्या खुणा बुजत आहेत. त्यांची साक्ष पुढें कागदच देतील.