भारी पानं, हलका निष्कर्ष

गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. हातात ट्रेल आलीय, आता समोरच्याला पॅक होऊ न देता जास्तीत जास्त पैसे पॉटमध्ये कसे आणायचे? ऑनलाइन पोकरवाले याला ‘व्हॅल्यू काढणं’ म्हणतात. ‘हे आता एआयनं सिद्ध केलंय’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्या मनात बहुतेक प्लुरिबस असतो. आज त्याच निबंधाकडे जरा चिकित्सकपणे बघू.

नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांचा हा निबंध 2019 साली ‘सायन्स’मध्ये आला. सहा जणांच्या नो-लिमिट टेक्सास होल्डेममध्ये त्यांचा प्रोग्रॅम व्यावसायिक खेळाडूंना भारी पडला. काम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच, की भारी पानांतून कमाल वसुली कशी करायची, या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

आधी थोडं गणित

समजा पहिली तीन पानं उघडली, पॉटमध्ये 100 चिप्स आहेत आणि तुमच्याकडे व समोरच्याकडे प्रत्येकी 1300. बेट लावायच्या तीन संधी आहेत. दर वेळी पॉटच्या निम्मी बेट लावली, तर 50, 100 आणि 200, म्हणजे समोरच्याकडून 350 मिळाले. दर वेळी पॉटएवढी लावली, तर 100, 300 आणि 900, म्हणजे पूर्ण 1300. समोरच्यानं कॉल मात्र दोन्हीकडे तीनदाच केला! आणि भारी पानं लपवायची म्हणून पहिली संधी सोडलीत, तर उरतात 100 आणि 300. म्हणजे 1300 ऐवजी 400.

तुम्ही म्हणाल, मोठी बेट पाहून समोरचा पळेल की. बरोबर. म्हणून शेवटच्या बेटचं वेगळं गणित आहे. तुमचा ब्लफ फायद्यात जाऊ नये, यासाठी समोरच्यानं निम्म्या पॉटच्या बेटला दोन-तृतीयांश वेळा कॉल करायला हवा, पॉटएवढ्या बेटला निम्म्या वेळा आणि दुप्पट बेटला एक-तृतीयांश वेळा. पॉट 100 चा असेल, तर तुमची सरासरी जादा कमाई अनुक्रमे 33, 50 आणि 67 होते. अजिंक्य पानं असतील, तर कागदावर मोठी बेटच चांगली. पण एक अट आहे. त्या बेटमध्ये ब्लफही मिसळलेले हवेत, पॉटएवढ्या बेटला दोन खऱ्यांमागे एक खोटी. नाहीतर शहाणा माणूस कॉलच करणार नाही. भारी पानांना पैसे मिळावेत म्हणून हलक्या पानांनीही अधूनमधून बेट लावायची, हा विचार जॉन फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या 1944 च्या ग्रंथातही आहे.

आता मुद्दा बघा. हे आकडे अगदी नेमका कॉल करणाऱ्या माणसासाठी आहेत. कुठल्याही बेटला 60 टक्के वेळा कॉल करणारा भेटला, तर दुप्पट बेटमधून सरासरी 120 निघतात आणि त्याच्याविरुद्ध ब्लफ करणं मूर्खपणा ठरतो. उलट दुप्पट बेटला फक्त 10 टक्के आणि निम्मीला 80 टक्के कॉल करणारा असेल, तर मोठीतून 20 मिळतात, छोटीतून 40. म्हणजे कमाल व्हॅल्यू फक्त तुमच्या पानांवर ठरत नाही, समोर कोण बसलाय त्यावर ठरते.

निबंध इथे काय सांगतो?

प्लुरिबस स्वतःशीच खेळून एक मूळ आराखडा शिकतो आणि प्रत्यक्ष डावात थोडं पुढचं शोधून तो सुधारतो. शोधताना इतर खेळाडू चार प्रकारांनी वागू शकतील असं तो धरतो: आराखड्याप्रमाणे, किंवा फोल्ड, कॉल, रेज यांपैकी एकाकडे झुकून. पण समोरचा माणूस खरंच कसा खेळतोय, हे पाहून तो आपली पद्धत बदलत नाही. निबंधात हे उघड लिहिलंय. त्यामुळे त्याला कात्रीत पकडणं अवघड जातं, हा त्याचा गुण. पण जो दर वेळी कॉल करतो त्याच्याकडून जास्त वसूल करायचं, ही गोष्ट त्याच्या रचनेतच बसत नाही.

दुसरी हरकत आकड्यांची. मुख्य प्रयोगात पाच माणसं आणि एक प्रोग्रॅम 12 दिवसांत 10,000 डाव खेळले. सरासरी नफा दर 100 डावांमागे 4.8 बिग ब्लाइंड आणि प्रमाण त्रुटी 2.5, तीही नशिबाचा गोंगाट कमी करणारी एव्हायव्हॅट पद्धत वापरून. एकूण जिंकण्याचा पुरावा म्हणून हे मला मान्य आहे. पण हातात एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते, म्हणजे 10,000 डावांत साधारण 45 वेळा. एवढ्या डावांवरून कुठली बेट जास्त फळली हे कसं ठरवणार? लेखकांनी तसा दावा केलेलाही नाही. शीर्षकातला ‘अतिमानवी’ अर्थाचा शब्द वाचून तो दावा आपणच मनात तयार करतो.

तिसरी हरकत परिस्थितीची. समोर दहा लाख डॉलरच्या वर जिंकलेले व्यावसायिक होते. दर डावाला सगळ्यांच्या चिप्स पुन्हा 10,000 केल्या जायच्या. ऑनलाइन टेबलावर असं नसतं. तिथे कमी-जास्त चिप्सचे, दमलेले, हरलेले पैसे परत मिळवायला बसलेले लोक असतात. आणि व्हॅल्यू निघते ती बहुतेक त्यांच्याकडूनच.

इथे प्रश्न फक्त गणिताचा राहत नाही. ‘मिली बिग ब्लाइंड’ हे एकक वाचायला निर्जीव वाटतं, पण तुमची कमाल वसुली म्हणजे कुणाच्या तरी पगारातली कमाल घट. लेखकांनी प्लुरिबसचा कोड खुला केला नाही, तो ऑनलाइन पोकरला होणारी हानी लक्षात घेऊनच. भारतात 2025 च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, कौशल्याचा असो वा नशिबाचा.

मग योग्य प्रयोग कसा असता? ठरावीक चुका करणारे खेळाडू समोर बसवायचे. तेच डाव, तीच पानं, एकदा न बदलणाऱ्या प्रोग्रॅमला आणि एकदा शिकत जाणाऱ्याला द्यायची. मग फक्त भारी पानांचे डाव वेगळे काढून फरक मोजायचा. शिवाय शिकणारा प्रोग्रॅम स्वतः किती उघडा पडला, तेही मोजायचं. कारण दुसऱ्याच्या चुकीवर झुकलात, की तुमचाही तोल जातो.

तोवर कुणी ‘एआयनं सिद्ध केलेली पद्धत’ विकायला आलं, तर तीन गोष्टी विचारा: कुणाविरुद्ध? किती डावांत? आणि समोरचा बदलला तर पद्धत बदलते का? उत्तर नीट आलं नाही, तर समजा की त्या टेबलावर व्हॅल्यू तुमच्याकडूनच काढली जातेय.