वगळलेला परिच्छेद

जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. दलित साहित्याचा उगम शोधताना आपण त्याचा उल्लेख गौरवाने करतो. मीही तो वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, या तिच्या सवालापाशी आलो की माझा आवाज चढतो.

एकदा एका मातंग विद्यार्थिनीने मला अडवले. "सर, पुढचं का वाचत नाही?" पुढे मुक्ताबाई म्हणते की, ब्राह्मणांचा हा रोग महारांनाही जडला आहे, तेही मांगांना आपल्याहून खालचे समजतात, त्यांच्या सावलीचा विटाळ मानतात. मी महारवाड्यात जन्मलो. घराण्यातला पहिला पदवीधर. हा परिच्छेद मी विसरलो नव्हतो. मी तो टाळीत होतो.

आपल्या समीक्षेची कसोटी येथेच आहे. शोषितांचा अनुभव एकजिनसी असतो, असे आपण गृहीत धरले. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. आपण मात्र त्या उतरंडीत फक्त वर पाहायला शिकलो. तळाच्या मडक्यावर भार किती, हे तळाचे मडकेच सांगू शकते. तेव्हा न्यायाचा विचार एकाच जागेवरून पुरा होत नाही.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' मला या दृष्टीने मोठे वाटते. गावाने महारांवर लादलेले जिणे त्या सांगतातच. पण महारवाड्यातील सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडाही त्या झाकून ठेवीत नाहीत. अशा लेखनाने चळवळ दुबळी होते, हा आक्षेप मला मान्य नाही. सुनेची साक्ष वगळून मांडलेली समता अर्धीच राहील.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची मुभा राज्यांना दिली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी फुटीची भीती बोलून दाखवली. ती भीती मला समजते. परंतु मांगवाड्याला गप्प बसवून तिचे उत्तर मिळणार नाही. उपवर्गीकरणाच्या बाजूने बोला की विरोधात, आधी मुक्ताबाईचे म्हणणे पुरते ऐकावे लागेल.

आता मी तो निबंध शेवटपर्यंत वाचतो. त्या परिच्छेदापाशी माझा आवाज चढत नाही.