मांडलेल्या खोल्या: रचित छायाचित्रणातील घर आणि मनाची सक्ती

कॅमेऱ्यासमोरचे दृश्य आधी ठरवून, माणसे, वस्तू आणि प्रकाश यांची जुळवाजुळव करून मग टिपलेल्या छायाचित्राला रचित छायाचित्र म्हणतात. वृत्तछायाचित्रकार घडणाऱ्या घटनेचा माग काढतो, तर या प्रकारात छायाचित्रकार नाटकाच्या दिग्दर्शकाप्रमाणे घटना स्वतः घडवून आणतो. अमेरिकी समीक्षक ए. डी. कोलमन यांनी १९७६ मध्ये यालाच ‘दिग्दर्शकीय पद्धत’ असे नाव देऊन त्याची स्वतंत्र दखल घेतली. त्यानंतरच्या दशकांत या पद्धतीने पुन्हा पुन्हा जवळ केलेले स्थळ म्हणजे घर, कारण तीच ती कामे रोज ज्या जागेत करावी लागतात, तिथल्या वस्तूंवर माणसाच्या सवयी, भीती आणि हट्ट यांच्या खुणा सर्वांत स्पष्ट उमटतात. मानसोपचारात ज्याला मंत्रचळ म्हणतात त्यात नकोसा विचार मनात वारंवार येत राहतो आणि त्याने होणारी तगमग शमवण्यासाठी माणूस हात धुणे, कडी-कुलूप तपासणे, वस्तू एका रेषेत लावणे अशी कृती करतच राहतो. दिलासा मिळतो तो क्षणभरच. अशा मनोवस्थांचा शोध घेणाऱ्या रचित छायाचित्रणाची आजची स्थिती पाहता असे म्हणावे लागते की, या कलेतील श्रेष्ठ कामे एका व्यक्तीच्या चळाकडे पाहता पाहता घराने माणसावर लादलेली सक्ती उघड करतात, आणि जिथे केवळ खिन्न प्रकाश व शून्यात लागलेली नजर यांवर भिस्त ठेवली जाते तिथे मन हा विषय न राहता सजावट होऊन बसतो.

या कलेचा पूर्वेतिहास छायाचित्रणाइतकाच जुना आहे. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पाच वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक चित्र सिद्ध केले, ज्यात खोलीत क्षीण होत चाललेली तरुणी, तिच्याभोवतीच्या दोन स्त्रिया आणि खिडकीकडे तोंड करून उभा असलेला पुरुष दिसतो. मृत्यूसारखा खाजगी प्रसंग मुद्दाम रचून दाखवला म्हणून त्या काळी अनेकांनी त्याला दोष दिला. याहून गंभीर वारसा मात्र पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाचा आहे. तिथे ज्याँ-मार्तँ शार्को यांच्या देखरेखीखाली हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रियांची छायाचित्रे घेतली गेली आणि १८७६ ते १८८० या काळात ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. रोगाचा पुरावा म्हणून मांडलेल्या या प्रतिमांत डॉक्टरांची अपेक्षा, कॅमेऱ्याची गरज आणि रुग्णाचा अभिनय यांची किती सरमिसळ झाली होती, हे जॉर्ज दिदी-युबरमन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवले. मनाची व्यथा शरीराच्या आविर्भावातून वदवून घेण्यात जी जबरदस्ती होती ती ध्यानात घेतली, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक कलावंतांनी रुग्णाच्या देहाऐवजी खोलीला बोलते का केले, याचा अर्थ लागतो.

या वळणाची दोन महत्त्वाची उदाहरणे १९७८ या एकाच वर्षातली आहेत. फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया यांनी आपल्या भावाला उघड्या फ्रिजसमोर उभे केले आणि फ्रिजच्या आत फ्लॅश लपवून ठेवला. रात्री काहीतरी खायला शोधणाऱ्या माणसाची अगदी नेहमीची कृती त्या प्रकाशामुळे एका बेचैन शोधासारखी दिसू लागते. त्याच वर्षी कॅनडाच्या जेफ वॉल यांनी एक उद्ध्वस्त खोली स्टुडिओत उभारली. फाडलेली गादी, उपसलेले कप्पे आणि विखुरलेले कपडे यांची ही रचना त्यांनी देलाक्रवा यांच्या ‘सार्दानापालसचा मृत्यू’ या चित्रावरून बेतली आणि तिचे पारदर्शक छायाचित्र लाइटबॉक्सवर, म्हणजे मागून दिव्यांनी उजळलेल्या पेटीवर, प्रदर्शित केले. कोणीही माणूस नसलेल्या या खोलीत हिंसा कोणी आणि कोणावर केली हे कळत नाही, तरी प्रत्येक वस्तू तिची साक्ष देते.

वॉल यांचे १९९४ चे ‘निद्रानाश’ हे चित्र याच शोधाचा पुढचा टप्पा ठरते. सुमारे पावणेदोन मीटर उंच असलेल्या या चित्रात रात्रीचे एक साधे स्वयंपाकघर दिसते. वरच्या कपाटांची काही दारे उघडी आहेत, खुर्च्या जागच्या हललेल्या आहेत आणि एक माणूस टेबलाखाली थेट फरशीवर आडवा झाला आहे. त्याचा चेहरा विशेष काही सांगत नाही. उघडी दारे आणि सरकलेल्या खुर्च्या मात्र त्याच्या रात्रीचा क्रम सांगतात: त्याने काहीतरी शोधले, ते सापडले नाही, तो बसला, उठला, पुन्हा बसला आणि शेवटी अंथरुणात न मिळालेला आसरा त्याने टेबलाखाली शोधला. पाहणारा या खुणांवरून मागे मागे जात त्या येरझाऱ्या स्वतःच्या मनात घालू लागतो, आणि अस्वस्थतेचे निदान न करता तिचा अनुभव देण्याचे सामर्थ्य या चित्राला त्यातूनच मिळते.

पुनरावृत्तीला विषयाबरोबरच कामाची रीतही बनवणाऱ्या कलावंतांत सँडी स्कोग्लंड यांचे स्थान वेगळे आहे. १९८० च्या ‘किरणोत्सर्गी मांजरे’ या कामात भिंती, टेबल, खुर्च्या आणि फ्रिज, सगळे करड्या रंगाने माखलेले आहे. त्या घरात एक म्हातारा बसलेला आहे, एक म्हातारी फ्रिजपाशी उभी आहे आणि भोवताली, पायांत, सामानावर, जिकडे पाहावे तिकडे झगझगीत हिरवी मांजरे आहेत. ही मांजरे स्कोग्लंड यांनी तारेची जाळी आणि प्लास्टर वापरून एकेक करून घडवली, आणि पुढच्याच वर्षी निळ्या शेजघरात तरंगणारे नारिंगी मासेही त्यांनी असेच हातांनी केले. एकच आकार थोड्याफार फरकाने घडवत राहण्याचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम हे येथे चित्राचे अंग आहे, कारण एखादा विचार डोक्यात शिरला की घराचा कोपरान्‌कोपरा कसा व्यापतो, हे त्या गर्दीतून डोळ्यांना जाणवते. पती-पत्नी मात्र मांजरांची दखलही घेत नाहीत, आणि विपरीताची इतकी सवय व्हावी हेच या चित्रातले खरे भय आहे.

या सवयीमागचे सामाजिक कारण स्त्री कलावंतांच्या कामांत सर्वांत ठळकपणे पुढे आले. ॲना आणि बर्नहार्ड ब्लुमे या जर्मन दांपत्याने १९८० च्या दशकाच्या मध्यात स्वयंपाकघरातील उद्रेकावर मोठ्या आकाराच्या कृष्णधवल छायाचित्रांची मालिका केली. तीत ॲना स्वतः गृहिणीच्या वेषात आहेत आणि बटाटे हवेत उडत आहेत. ही उलथापालथ त्यांनी चित्रांची जोडकामे न करता कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवली. नीटनेटकेपणा हा सद्‍गुण मानणाऱ्या मध्यमवर्गीय घरात वस्तूच बंड करून उठतात, तेव्हा वेडाचा झटका नेमका कोणाला आला आहे, बाईला की त्या व्यवस्थेला, हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेतील कॅरी मे वीम्स यांनी १९९० मध्ये पूर्ण केलेल्या ‘स्वयंपाकघरातील टेबल’ या मालिकेत २० छायाचित्रे आणि १४ मजकूरफलक आहेत. त्यांच्याच घरातले टेबल आणि त्यावर लोंबणारा दिवा प्रत्येक चित्रात तसाच राहतो. त्या टेबलाशी वीम्स यांनी साकारलेली स्त्री कधी प्रियकराबरोबर, कधी मैत्रिणींबरोबर, कधी मुलीबरोबर आणि कधी एकटी असते. चौकट न बदलता नाती बदलत गेल्याने प्रेम, काळजी आणि कर्तव्य यांपैकी स्वेच्छेने काय केले आणि भाग पडले म्हणून काय केले, याचा हिशेब पाहणाऱ्यालाच मांडावा लागतो.

या कलेला जगभर लोकप्रियता मिळवून देण्यात ग्रेगरी क्र्युडसन यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे वडील मनोविश्लेषक होते आणि ब्रुकलिनमधील राहत्या घराच्या तळघरात रुग्णांना भेटत. जमिनीखालच्या त्या कानी न येणाऱ्या बोलण्याचे कुतूहल क्र्युडसन यांच्या पुढच्या कामाशी जोडले जाते. २००१ च्या एका छायाचित्रात दिवाणखान्यात साचलेल्या पाण्यावर एक स्त्री तरंगते आहे, जिन्यावर तिच्या सपाता आहेत आणि दिवे शांतपणे जळत आहेत. चित्रपटासारखा ताफा, उभारलेली घरे आणि काटेकोर प्रकाश यांच्या बळावर केलेली त्यांची उत्तम कामे परिचित घर अकस्मात परके वाटण्याचा, फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये विवेचन केलेला, अनुभव समर्थपणे देतात. परंतु याच यशातून एक साचा तयार झाला. संधिप्रकाश, पलंगाच्या कडेवर बसलेली व्यक्ती, उघडे दार आणि कुठेही न पाहणारे डोळे एवढे जमले की मनाची खोली साधली, अशी समजूत कलादालनांपासून फॅशनच्या जाहिरातींपर्यंत पसरली. अशा चित्रांत त्या माणसाने दिवसभर काय केले याची एकही खूण सापडत नाही, आणि कारणापासून तोडलेले दुःख केवळ देखणे उरते.

भारतातील कामांकडे पाहिले की या साच्यामागचे एक गृहीतकही उघडे पडते, ते म्हणजे प्रत्येक माणसाला स्वतःची बंद खोली असते. पुष्पमाला एन. यांनी १९९८ च्या ‘सुनहरे सपने’ या हाताने रंगवलेल्या छायाचित्रमालेत गृहिणी आणि तिची स्वप्नातली दुसरी प्रतिमा अशा दोन्ही भूमिका स्वतःच केल्या. या स्त्रीला एकांत मिळतो तो कल्पनेतच, आणि त्या कल्पनाही चित्रपटांच्या साच्यातून आलेल्या आहेत. पालघर जिल्ह्यातील जव्हार परिसरात गौरी गिल यांनी २०१५ पासून केलेल्या मालिकेचा मार्ग आणखी निराळा आहे. बोहाडा या उत्सवासाठी देवादिकांचे मुखवटे करणाऱ्या कोकणा आणि वारली कारागिरांनी तिच्यासाठी कागदाच्या लगद्याचे नवे मुखवटे घडवले, ज्यांत माणसांचे भाव आहेत, पशुपक्षी आहेत आणि वापरातल्या वस्तूही आहेत. ते चढवून गावकऱ्यांनी घरातले, कामाचे, आजारपणाचे रोजचे प्रसंग उभे केले. मनातला भाव येथे चोरून टिपलेला नाही, तो धारण करणाऱ्याने स्वतः निवडलेला आहे, आणि साल्पेत्रिएरच्या छायाचित्रांतील सत्तेचे नाते येथे बऱ्याच अंशी उलटे होते.

आज संगणकाला चार ओळींची सूचना दिली की अशी खिन्न खोली काही क्षणांत तयार मिळते. बोरिस एल्डाग्झेन यांनी २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या प्रतिमेला सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत मिळालेला पुरस्कार नाकारला, तेव्हा ही अडचण सर्वांसमोर आली. या यंत्रणेने धोक्यात आणले आहे ते मुख्यतः वर वर्णिलेले साचेबंद काम, कारण ज्याचा सारा प्रभाव वातावरणावर उभा आहे त्याची नक्कल सोपी असते. मांजरामागून मांजर घडवणे, त्याच टेबलाशी पुन्हा येऊन बसणे, स्वतः निवडलेला मुखवटा चढवणे या कृतींत मात्र ज्या सक्तीविषयी चित्र बोलते ती सक्ती कलावंताच्या आणि सहभागी माणसांच्या देहाने काही काळ वाहिलेली असते. म्हणून रचित छायाचित्राचे मोल ठरवताना समीक्षकाने दृश्य किती गूढ आहे हे विचारण्याआधी, या खोलीतले काम कोण करते, तेच काम पुन्हा करायला त्याला कोण भाग पाडते आणि त्याचे दुःख दाखवण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ज्या कामांत त्यांची उत्तरे वस्तूंच्या मांडणीतूनच मिळतात, त्यांच्याच आधारावर ही कला पुढे जाईल.