बिऱ्हाड भिवंडीला, कथा मुंबईतच

पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापूरला भरले. तेव्हापासून आपल्या साहित्यात काय आले आणि काय राहून गेले, याचा हिशेब आपण अधूनमधून मांडत असतो. तलाक मिळालेल्या बाईचे दुःख आले, गावगाड्यातले मुलाणी, आतार, तांबोळी आले, दंगल आली आणि दंगलीनंतर शेजाऱ्याच्या डोळ्यांत उतरलेला संशयही आला. हे सारे यायलाच हवे होते. पण आपल्यापैकी कितीतरी घरांत घडलेली एक साधी गोष्ट आमच्या वाचनात अजून नीट आलेली नाही. ती गोष्ट बिऱ्हाड हलवण्याची. मदनपुऱ्यातली, नागपाड्यातली, डोंगरीतली दहा बाय बाराची खोली सोडून दोन लहान लेकरे आणि टेम्पोभर सामान घेऊन भिवंडीला, मुंब्र्याला किंवा मीरा रोडला जायचे, एवढीच ती गोष्ट.

का गेलात, असे विचारले तर कोणीही एकच कारण सांगत नाही. खोलीत भावाचे लग्न झाले, माणसे मावेनात. पागडीची रक्कम आवाक्याबाहेर गेली. १९९२-९३ नंतर जिथे राहत होतो तिथे रात्री झोप लागेना. पोरांना पाय पसरायला जागा हवी होती. भिवंडीत त्याच पैशांत दोन खोल्या, वर एक मोरी मिळत होती. ही कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की घर सोडणाऱ्यालाही ती वेगळी करता येत नाहीत. कथा-कादंबरीसाठी याहून चांगला ऐवज कोणता? तरीही तो पडून राहिला. असे का झाले, हे आम्हाला या लेखात तपासायचे आहे.

मराठी साहित्याला घर बदलण्याचा विषय नवा नाही. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. चाळीतली दाटीवाटी आणि त्या दाटीवाटीवरचा जीव, दोन्ही तिच्यात आहेत. भाऊ पाध्यांच्या 'वैतागवाडी'त मुंबईत जागा शोधणाऱ्याचा वैताग आहे. गिरगाव-दादरचा मराठी माणूस डोंबिवलीला गेला, तेव्हा त्याच्यामागोमाग विनोद गेला, कथा गेली, नाटक गेले आणि २००५ साली 'डोंबिवली फास्ट' हा सिनेमाही गेला. डोंबिवली आणि भिवंडी एकाच ठाणे जिल्ह्यात आहेत. मधे कल्याण आणि खाडी. एका गावाचा प्रवासी साहित्यात नायक झाला, दुसऱ्या गावाचा बातमीत राहिला.

याला एक व्यावहारिक कारण आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. डोंबिवलीचे साहित्य हे बरेचसे लोकलगाडीचे साहित्य आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली चौथी सीट. यातून माणसांचा एक संच तयार होतो आणि लेखकाला तो आयता मिळतो. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे. मुंबईची थेट उपनगरी लोकल भिवंडीला येत नाही. इथला माणूस एसटीने किंवा शेअर रिक्षाने ठाणे वा कल्याण गाठतो आणि तिथून गाडी धरतो. त्याचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा. अंजूर फाट्यावर ट्रकमागे अडकलेल्या रिक्षात रोज नवी माणसे असतात. त्यांचा संच होत नाही. पण आमच्या मते हे कारण अर्धेच आहे. तुकड्यांच्या प्रवासाचीही कथा होऊ शकते. ती लिहिणारा हवा.

खरी अडचण अशी की, भिवंडी हे नाव उच्चारताच साहित्यात एकच दृश्य उभे राहते. ७ मे १९७०ची दंगल. मग १९८४ची. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात भिवंडी, जळगाव, महाड ही नावे एका ओळीत आली आणि भिवंडी कायमची त्या ओळीत अडकली. यातली सर्वांत मोठी साहित्यिक घटना सर्वांना ठाऊक आहे. १९७०च्या दंगलीनंतर भीष्म साहनी आपले बंधू बलराज साहनींसोबत भिवंडीत आले होते. इथली उजाड घरे पाहून त्यांना १९४७चे रावळपिंडी आठवले आणि 'तमस'ची सुरुवात झाली. 'आज के अतीत' या आत्मकथनात त्यांनी हे सांगितले आहे. 'तमस' मोठी कादंबरी आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण भिवंडीच्या बाजूने पाहिले तर काय झाले? इथल्या राखेतून एक थोर कादंबरी उभी राहिली आणि ती दुसऱ्या गावाची झाली. साहनींचा त्यात दोष नाही. त्यांना त्यांचे गाव आठवले, त्यांनी ते लिहिले. ज्यांचे हे गाव होते, त्यांनी काय लिहिले, हा प्रश्न आपल्याला विचारला पाहिजे.

दुसरे उदाहरण जयंत पवारांच्या 'अधांतर'चे. १९९७ साली आलेल्या या नाटकात गिरणी संपानंतर मोडत चाललेले गिरणगावातले एक घर आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले. पण मुंबईत माग थांबला म्हणून देशात कापड विणायचे थांबले नाही. ते काम यंत्रमागांकडे सरकले आणि त्यातला मोठा वाटा भिवंडीने उचलला. म्हणजे 'अधांतर'मधल्या घराच्या हातून जो धागा सुटला, त्याचे दुसरे टोक शांतीनगर, नागाव, गैबीनगरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. तिथे बारा-बारा तासांची पाळी करणारा, कानाला दडे बसलेला, मजुरी तागावर मोजून घेणारा माणूस होता. हे टोक कोणी धरले नाही. गिरणीला संप होता, युनियन होती, लाल झेंडा होता, म्हणून तिला नाटक मिळाले. लूमला यातले फारसे काही नव्हते. आवाज मात्र होता आणि तो रात्रंदिवस होता.

आपल्या परंपरेत हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ साली आली. तिचा नायक बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परततो. आपल्या नंतरच्या लेखनानेही बहुतेक हीच वाट धरली. एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला मुंबई. नायक या टोकाहून त्या टोकाला जातो आणि दोन्हीकडे परका ठरतो. मधल्या मुक्कामाची गावे आपल्या नकाशात आलीच नाहीत. भिवंडी हे असे मधले गाव आहे. गावाची ओळखदेख तिथे नाही आणि मुंबईची निनावी मोकळीकही नाही. निजामपुऱ्यात पिढ्यान्पिढ्या राहणारी कोकणी मुस्लिम घरे आहेत. उत्तर प्रदेशातून विणकाम घेऊन आलेले मोमीन आहेत. पद्मानगरात तेलुगू बोलणारे पद्मशाली आहेत. त्यांच्यात साताऱ्या-सोलापूरकडचा, मुंबईमार्गे आलेला मराठी मुसलमान येऊन पडतो. तो कोणाचा? जमातवाले त्याला विचारतात, "आप कहाँ के?" तो 'बंबई' म्हणतो. कारण सातारा म्हटले तर पुढचा प्रश्न येतो.

आता थोडे स्वतःविषयी. कारण दुसऱ्यांच्या लेखनातली उणीव दाखवताना आपली झाकणे बरे नव्हे. आम्हीही नव्वदच्या दशकात लहान मुलांना घेऊन मुंबईहून भिवंडीला बिऱ्हाड हलवले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे म्हणतात, पण आमचे बिऱ्हाड पाठीवर मावणारे नव्हते. रेशनकार्डावरची नावे कमी करून नव्या गावी चढवणे, शाळा सोडल्याचा दाखला, डिपॉझिटची जमवाजमव यातच सहा महिने गेले. पुढे आम्ही एक कथा लिहिली. तिचा नायक असाच भिवंडीला येतो आणि शेवटी दंगलीत त्याचे घर जळते. आम्ही राहायला आल्यापासून तोवर भिवंडीत दंगल पाहिलेली नव्हती. तरीही शेवट तोच सुचला. कथेचे कौतुक झाले. आमच्या शेजारी एका कारखान्यात मुकादम असलेले चाचा राहत. त्यांना ती आम्ही वाचून, उर्दूत समजावून सांगितली. ते म्हणाले, "सब लिखा आपने. पानी किधर लिखा?"

आमच्या वाट्याला आलेली ही सर्वांत खरी समीक्षा होती. रात्री अडीचला नळ येतो म्हणून आमच्या घरातून गजर लावून उठत. मदनपुऱ्यात आई-बहीण हाकेच्या अंतरावर होती. इथे हंडा घेऊन रांगेत उभे राहताना बोलायचे कोणाशी? रांगेतल्या बायांची भाषाही वेगळी. सहा महिन्यांनी त्याच रांगेत ओळखी झाल्या, त्यातून उसनवारी झाली, पुढे एकमेकींच्या बाळंतपणाला जाणे झाले. हे आमच्या डोळ्यांदेखत घडले आणि कथेत आले नाही. का आले नाही? याचे उत्तर आम्हाला फार उशिरा सापडले. भिवंडीला बिऱ्हाड गेले, पण आम्ही गेलो नव्हतो. पहाटे निघून रात्री परतणारा पुरुष नोकरीच्या निमित्ताने मुंबईतच राहतो. भिवंडीत त्याची फक्त झोप असते. घर खऱ्या अर्थाने बदलते ते बाईचे आणि मुलांचे. आपल्याकडे लिहिणारे बहुतेक पुरुष. म्हणून बिऱ्हाड भिवंडीला आले तरी कथा मुंबईतच राहिली. आणि भिवंडीविषयी लिहायची वेळ आली की आम्ही वर्तमानपत्रातून मिळालेली भिवंडी लिहिली.

यावर एक आक्षेप येईल. रोजच्या पाण्याचे, दाखल्याचे लिहीत बसलो तर दंगलीचा अन्याय विसरला जाणार नाही का? आक्षेप गंभीर आहे. १९७० आणि १९८४ विसरा, असे आम्ही म्हणत नाही. पण १९९२-९३कडे पाहा. मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याआधीची काही वर्षे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची साधी माणसे एकत्र बसत, गटाराची, भाडेकरूची, पोरांच्या भांडणाची तक्रार तिथेच मिटवत. ज्यांची रोजची ओळख होती त्यांना अफवा पटली नाही. म्हणजे भिवंडी वाचली ती या रोजच्या क्षुल्लक गोष्टींनी. दंगल का झाली नाही, हे समजायचे तर रोजचे जगणेच लिहावे लागते. खोपड्यांनी यावर पुस्तक लिहिले. पोलिसाने लिहिले आणि कथाकार गप्प राहिले, ही गोष्ट आम्हाला अजून टोचते. न घडलेल्या दंगलीची कथा लिहिणे घडलेल्या दंगलीच्या कथेपेक्षा अवघड आहे, हे मान्य. पण अवघड म्हणून सोडायचे, तर साहित्य कशाला?

आणि रोजचे म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि जवळपास चाळीस माणसे झोपेत गेली. दोन दिवस बातमी चालली. परवडणारी खोली म्हणून ज्या भिंतींच्या आड लेकरांना आणले जाते, त्या भिंती किती भरवशाच्या, हा प्रश्न दंगलीइतकाच भयंकर आहे. फक्त त्याला दंगलीसारखा आवाज नाही.

शेवटचा मुद्दा भाषेचा आणि तो या अंकाच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. मुंबईत मराठी शाळेत जाणारे आपले मूल बिऱ्हाडाबरोबर भिवंडीला येते. जवळची शाळा उर्दूची, ऐपत असली तर इंग्रजीची. मराठी शाळा आहे, पण मोहल्ल्यातले सोबती तिथे जात नाहीत. मग थोरली मराठीत, धाकटा उर्दूत, तिसरे इंग्रजीत अशी एका घरात तीन माध्यमे होतात. आमच्या घरात असेच झाले. रात्री जेवताना चार भाषांचा काला होतो. कोणाला हा ऱ्हास वाटेल. आम्हाला त्यात मराठीची एक नवी बोली घडताना दिसते आणि आपल्या कथेने ती टिपली पाहिजे, असे वाटते. मात्र घाई केली पाहिजे. आमचा धाकटा आज मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. त्या घराची गोष्ट मराठीत लिहिली गेली नाही, तर पुढे ती मराठीत वाचणारा त्या घरात उरणार नाही. लिहिणाऱ्या बहुधा मुलीच असतील. रात्री अडीचला आईबरोबर नळावर उठलेल्या त्या आहेत. आमच्याकडे थोरलीची एक वही आहे. आम्ही ती अजून मागितलेली नाही. तिने आपण होऊन दिली, तर पुढच्या अंकासाठी पाठवू.