रोजचा नवा आराखडा आणि रोग्याची लाळ

डोके व मानेच्या कर्करोगावरचे किरणोपचार बहुधा सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. सुरुवातीला सीटी चित्र काढून आराखडा ठरतो आणि चेहऱ्यावर प्लास्टिकचा मुखवटा बसवून रोग्याला रोज त्याच स्थितीत निजवतात. पण रोगी तोच राहत नाही. गिळता येईनासे होऊन तो वाळतो, गाठ आक्रसते, मुखवटा सैल पडतो. अमेरिकेत १४ रोग्यांवर केलेली मोजणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कानाखालच्या लाळग्रंथी लहान होऊन साधारण ३ मिलिमीटर आत सरकल्याचे दिसले. आत, म्हणजे तीव्र किरणांच्या बाजूला!

मग शिंप्याने अंग बदलताच कपडा पुन्हा बेतावा तसा आराखडा रोज का बेतू नये? रोगी टेबलावर असतानाच हे करणारी यंत्रे आता आहेत. कल्पना सुबक आहे. आमची तक्रार आहे ती तिच्याविषयीच्या लिखाणाबद्दल. 'ग्रंथीवरची मात्रा घटते' या वाक्याला लागूनच 'तोंड कोरडे पडत नाही' हे वाक्य येते. पहिले संगणकाचे गणित आहे. दुसरे लाळ मोजून आणि रोग्याला विचारूनच ठरेल.

फ्रान्समध्ये ते मोजले गेले. घशाच्या कर्करोगाच्या १३२ रोग्यांचे यदृच्छेने दोन गट केले; एकाचा आराखडा दर आठवड्याला नवा, दुसऱ्याचा शेवटपर्यंत एकच. निष्कर्ष २०२३ मध्ये आले: वर्षभरानंतर लाळेच्या प्रवाहात फरक नाही.

म्हणून मात्रा कमी करणे व्यर्थ ठरते का? नाही. किरणांची तीव्रता जागोजागी बदलणारे तंत्र ब्रिटनमध्ये तपासले गेले, त्याचे निष्कर्ष २०११ चे. वर्षानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के रोग्यांना, नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना. तिथे ग्रंथीवरची मात्रा खूपच उतरली होती. ग्रंथी थोडी सरकल्याने पडणारा फरक त्या मानाने किरकोळ असावा, असे आम्हाला वाटते.

फ्रेंच चाचणी साप्ताहिक बदलाची होती, रोजच्या नव्हे, हेही सांगितले पाहिजे. रोज बदल करणारे आणखी एक पाऊल टाकू पाहतात: गाठीभोवती सुरक्षिततेसाठी ठेवलेली कडही कमी करायची. इथे मात्र जपून. चित्रात गाठ आक्रसली, तरी तिने सोडलेल्या जागेत रोगपेशी उरल्या नाहीत असे चित्र सांगत नाही. अशा चाचण्यांत लाळेबरोबर रोग परतल्याचीही नोंद ठेवावी लागते, आणि तिला वर्षे लागतात.