कथेबाहेर राहिलेली खुर्ची

मराठीतील नोकरदार स्त्रीचा विचार विभावरी शिरूरकरांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मधील सुशिक्षित मुलींची घुसमट आजही अस्वस्थ करते. परंतु या लेखिकेने, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींच्या सेटलमेंटवर स्वतः अधिकारी म्हणून काम केले होते, हे आपण सहसा विसरतो. त्या अनुभवातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी आली. तारेच्या कुंपणाआतील माणसे तिच्या केंद्रस्थानी आहेत. अधिकारपदावरील स्त्री नाही. मालतीबाईंनी ते दुःख मोठे मानले, यात त्यांचा मोठेपणा आहे. पण पुढेही ही जागा बहुतांशी रिकामीच राहिली. आपल्या कथेतील नोकरदार स्त्री शिक्षिका असते, टंकलेखिका असते, परिचारिका असते. बढतीच्या यादीपाशी येताच कथा घराकडे वळते. नीला सत्यनारायण २००९ मध्ये महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्य निवडणूक आयुक्त झाल्या; पण ‘एक पूर्ण अपूर्ण’मधून मराठी वाचकाने जवळ केली ती त्यांच्यातील आई.

हा विषय निघाला की आपण माळव्यातील मंडळी अहिल्याबाईंचे नाव घेतो. भोपाळकर त्यात बेगमांची भर घालतात. मधली काही वर्षे वगळता १८१९ ते १९२६ येथे बेगमांचेच राज्य होते, हे खरे. मात्र गादीचा वारसा निराळा आणि नोकरीतील बढती निराळी. निर्मला बुच १९९१ मध्ये मध्यप्रदेशच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या. दुसऱ्या वीरा राणा, २०२३ मध्ये. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राला पहिल्या महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, लाभल्या त्या २०२४ मध्ये. आपल्या राज्यात १९९७ च्या नियमांनी महिलांना आरक्षण मिळाले, परंतु थेट भरतीपुरते.

पुढचे बरेचसे गोपनीय चरित्रावलीतील विशेषणांवर ठरते. माझ्या सेवाकाळात ‘नम्र’ व ‘मेहनती’ हे शेरे महिलांच्या वाट्याला अधिक आलेले मी पाहिले. ‘नेतृत्वक्षम’ हा क्वचित. महसूल वा गृह खात्याऐवजी बाईंना समाजकल्याण दिले जाई, तेही ‘त्यांच्या सोयीसाठी’. या ‘सोयी’त कोणाचाही दुष्टावा नसे, म्हणून तक्रार करावी तरी कोणाविरुद्ध? दहा वर्षांनी निवडसमिती विचारी, जिल्ह्याचा अनुभव आहे काय? कादंबरीकाराला याहून अधिक सामग्री ती कोणती हवी!