एक डॉक्टर, एक आदिवासी आणि 'प्रेरणा' नावाचं प्रकरण

कला किंवा साहित्यावर पीएचडी करायची म्हटली की सिनॉप्सिसमध्ये एक प्रकरण जवळजवळ ठरलेलं असतं : 'प्रेरणा आणि प्रभाव'. त्यात जन्म, बालपण, शिक्षण, व्यवसाय, भेटलेली माणसं अशी यादी येते. शेवटी एक वाक्य येतं, की या सगळ्याचा परिणाम त्यांच्या कलाकृतींवर झालेला दिसतो. नेमका कुठे दिसतो, ते मात्र बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं.

माझं शिक्षण विज्ञान शाखेतलं. आमच्याकडे असं वाक्य लिहिलं की पहिला प्रश्न येतो, "कशावरून?" आज हाच प्रश्न आपण दोन चित्रकारांच्या बाबतीत विचारून बघू. दोघेही जुन्या ठाणे जिल्ह्यातले. एक ठाणे शहरात राहणारे सुधीर पटवर्धन. दुसरे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलं, पण या दोघांच्या बहुतेक कामाच्या काळात जिल्हा एकच होता. दोघांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. आणि दोघांच्या प्रेरणेची एकेक तयार गोष्ट आहे, जी लेखांतून, माहितीपत्रकांतून पुन्हा पुन्हा फिरत राहते.

पहिली गोष्ट : डॉक्टरची नजर

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. १९७२ साली ते पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले. पुढच्या वर्षी मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. म्हणजे दिवसभर एक्स-रे वाचायचे आणि उरलेल्या वेळात कॅनव्हास. आता यावरून एक वाक्य आपोआप तयार होतं : 'डॉक्टर असल्यामुळे ते माणसाच्या आत बघू शकतात.' ऐकायला छान आहे. पण तपासूया.

सोपी चाचणी अशी. एखादं कारण खरं असेल, तर चित्रात काय दिसायला हवं, ते चित्र बघण्याआधी लिहून ठेवा. एक्स-रेची नजर चित्रात उतरली असेल, तर शरीरं पारदर्शक व्हायला हवीत. एक्स-रेमध्ये पुढचं आणि मागचं एकाच फिल्मवर एकमेकांवर पडतं, कपडे आणि कातडी जवळपास नाहीशी होते. आता 'इराणी रेस्टॉरंट' किंवा 'रनिंग वुमन' ही १९७७ ची चित्रं बघा. माणसं भरीव आहेत, जड आहेत, त्यांच्या आरपार काहीही दिसत नाही. शरीराचं वजन जाणवतं, अंगावरचा कपडा जाणवतो. चित्रकार आत शिरत नाही, तो त्या माणसाच्या बाहेरच थांबतो. म्हणजे अंदाज चुकला. उलट मी म्हणेन की या चित्रांची ताकद या न शिरण्यातच आहे. समोरच्या माणसाचं मन आपल्याला कळलं, असा दावा ती करत नाहीत.

दुसरी चाचणी याहून कडक आहे. डॉक्टरकी तीस वर्षं तीच होती. चित्रं मात्र बदलली. सत्तरच्या दशकात एखाददुसरी आकृती कॅनव्हासचा मोठा भाग व्यापते, आपण तिच्या अगदी जवळ असतो. 'टाउन' हे १९८४ चं चित्र घ्या. इथे आपण मागे सरकलोय, वर चढलोय. घरं, रस्ते, कितीतरी माणसं एकाच चित्रात आणि नजर एका जागी न थांबता फिरणारी. 'पोखरण' हे १९९१ चं, नाव ठाण्याच्याच भागाचं. २००१ च्या 'लोअर परळ'पर्यंत येता येता गिरणगाव बदलताना चित्रात दिसू लागतं. आता मला सांगा, जी गोष्ट तीस वर्षं बदललीच नाही, ती या बदलाचं कारण कशी असेल? स्थिरांकाने चलाचं स्पष्टीकरण देता येत नाही, हे तर आपण बारावीतच शिकतो.

मग त्या काळात बदललं काय? दोन गोष्टी नक्की. १९८१ साली 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झालं. त्यात पटवर्धनांसोबत भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी होते. माणसांची, ठिकाणांची गोष्ट चित्रातून सांगायला हरकत नाही, असं ठामपणे मांडणारी ही मंडळी. शेख यांचं 'सिटी फॉर सेल' याच वर्षांतलं आणि तिथेही एका कॅनव्हासवर अख्खं शहर दाटलंय. दुसरी गोष्ट, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. ज्या कामगारावर डाव्या विचारांच्या चित्रकाराचा भरवसा होता, त्याच्या पायाखालची जमीन सरकत होती.

यातलं कुठलं कारण खरं? दोन्ही एकाच वेळी घडली, म्हणून फक्त तारखा जुळवून उत्तर मिळणार नाही. पण चित्राला प्रश्न विचारता येतो. शहर वरून आणि अनेक बाजूंनी मांडण्याची पद्धत मित्रांच्या चित्रांशी ताडून बघता येते. आणि चित्रातला कामगार एकटा आहे की गर्दीत, काम करतोय की नुसता उभा आहे, हे वर्षानुसार मांडून बघता येतं. मांडणीचं उत्तर बहुधा पहिल्या कारणाकडे जाईल, माणसाच्या जागेचं दुसऱ्याकडे. हे माझं अनुमान आहे. पण ते खोडता येण्यासारखं अनुमान आहे, आणि 'डॉक्टरची नजर' या वाक्यापेक्षा ते म्हणूनच बरं.

डॉक्टरकीचा काहीच संबंध नाही, असंही मी म्हणत नाहीये. रोज अनोळखी माणसांची शरीरं बघणं, त्यांच्याशी थोडक्यात आणि आदराने बोलणं, यातून एक अंतर राखायची सवय लागत असेल. मध्यमवर्गीय चित्रकाराने कामगाराचं चित्र कोणत्या अधिकाराने काढावं, हा प्रश्न पटवर्धनांच्या मांडणीत वारंवार येतोच. पण हा संबंध चित्रात दाखवून द्यावा लागतो. पदवीचं नाव घेऊन भागत नाही.

आता माझं मत. १९७७ च्या चित्रांमधला माणूस कुठल्याही मुद्द्याचा पुरावा म्हणून बसलेला नाही. नंतरच्या मोठ्या शहरचित्रांत काही आकृती मला शहराबद्दलच्या विधानाला जोडलेल्या तळटिपांसारख्या वाटतात. शहर मोठं होतं, माणूस नमुना होतो. ही त्या चित्रांची मर्यादा की शहराबद्दलचं सत्य, यावर वाद होऊ शकतो. तो वाद घालण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट : रक्तातली परंपरा

आता गंजाडला जाऊ, ठाण्यापासून शंभरेक किलोमीटर. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दलचं तयार वाक्य असं : 'वारली परंपरा त्यांच्या रक्तात होती आणि निसर्ग हीच त्यांची प्रेरणा.'

इथे तीच चाचणी लावा. वारली घरात लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर, शेण आणि गेरूच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. मध्ये पालघट देवी. हा चौक काढायच्या त्या सवाशिणी, म्हणजे बायका. चित्र लग्नापुरतं, पुढे भिंत पुन्हा सारवली जाते. ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मग एक पुरुष, लग्न नसताना, रोज, कागदावर आणि कापडावर चित्रं काढू लागतो, तेही सत्तरच्या दशकात, याचं कारण 'परंपरा' कसं असेल? परंपरा तर उलट सांगत होती. पुन्हा तेच : स्थिरांकाने चल समजावून सांगायचा प्रयत्न.

बदललं होतं ते असं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी या भागात आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांनी भिंतीवरची चित्रं कागदावर काढावीत, म्हणजे चार पैसे मिळतील, या कामात ते होते. इथेही कागद आला, पाठोपाठ विकत घेणारे आले. भिंत गेली, मुहूर्त गेला, चौकट गेली.

आणि इथे म्हशांचं स्वतःचं डोकं दिसतं. चौकात देवी मध्यभागी असते, बाकी सगळं तिच्याभोवती. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या प्रसिद्ध चित्रांमध्ये जाळंच जवळजवळ अख्खी जागा व्यापतं. बारीक रेघांची वीण, इतकी दाट की ती हलतेय असं वाटावं. मध्यभागी कोण, हा प्रश्नच उरत नाही. हा रचनेतला निर्णय आहे, कोणीतरी विचार करून घेतलेला. माझा तर्क असा, की कागद टिकतो म्हणून कालचं चित्र आज पुन्हा बघता येतं आणि तोच विषय नव्याने हाताळता येतो. सारवल्या जाणाऱ्या भिंतीवर ही सोय नाही.

म्हशांच्या बालपणाचीही एक गोष्ट सांगतात. आई लहानपणीच गेली, मुलाने बोलणं सोडलं, तो मातीत चित्रं काढून सांगू लागला. गोष्ट हेलावणारी आहे. पण ती सांगून झाल्यावर जाळ्याच्या विणीबद्दल आपल्याला नवीन काय कळलं, हे स्वतःला विचारा.

दोन याद्या शेजारी ठेवा

आता मुख्य मुद्दा. पटवर्धनांच्या प्रेरणा म्हणून काय लिहिलं जातं? सेझान, लेजे, मार्क्सवाद, शहर. म्हशांच्या? निसर्ग, परंपरा, आईचा मृत्यू. एकाच्या वाट्याला विचार, दुसऱ्याच्या वाट्याला वारसा. एक चित्रकार निवडतो, दुसऱ्याच्या हातून चित्र 'उमटतं'. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला म्हशांची चित्रं रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामासोबत मांडली गेली. लाँग आयुष्यभर जमिनीवर, मातीने, निसर्गात काम करणारे. पण त्यांच्या बाबतीत निसर्ग हा 'संकल्पना' होतो आणि म्हशांच्या बाबतीत 'स्वभाव'. शब्द बदलला की माणसाची पायरी बदलते.

हा निव्वळ शैलीचा प्रश्न नाही. उद्या तुम्ही प्रबंध लिहाल, कुणीतरी त्यातून माहितीफलक लिहील, शाळेतली मुलं तो वाचतील. 'परंपरा रक्तातच आहे' असं छापलं, की अमुक चित्र अमुक चित्रकाराचं आहे, हे सांगायची गरज संपते. मग चादरीवर, कपबशीवर, बसस्टॉपवर 'वारली डिझाइन' येतं आणि काढणाऱ्याचं नाव येत नाही. आपल्या प्रबंधातल्या एका आळशी वाक्याचा त्यात थोडा हातभार असतो.

म्हणून प्रेरणेचं प्रकरण लिहिण्याआधी एवढं करा. चित्रकाराची चित्रं वर्षाप्रमाणे लावा आणि बदल कुठे झाला, तिथे खूण करा. फक्त त्या खुणेजवळ काय घडलं, ते शोधा. चित्रकाराची मुलाखत घेतली असेल तर ती जपून वापरा. त्यांचं म्हणणं ही आपली माहिती आहे, आपला निष्कर्ष नव्हे. आणि एका चित्रकाराला लावलेला प्रश्न दुसऱ्यालाही जसाच्या तसा लावून बघा. पटवर्धनांच्या बाबतीत 'प्रेरणा त्यांच्या रक्तातच होती' असं लिहायला हात कचरत असेल, तर म्हशांच्या बाबतीतही ते वाक्य खोडा. म्हशांची मुलं सदाशिव आणि बाळू आज चित्रं काढतात. त्यांच्यावर कुणी काम करणार असाल, तर पहिला प्रश्न वडिलांबद्दल नको. समोरच्या चित्रातली रेघ इथेच का थांबवली, ते विचारा.